डावीकडून कमी येतंय

शहापूरचं भाड्याचं घर सोडताना सगळ्यात जास्त वेळ लागला तो खिळे उपटायला. सामान केव्हाच गेलं होतं. मधल्या खोलीच्या भिंतींवर तेवढ्या घोंगड्या उरल्या होत्या, आणि त्या मी स्वतः, वीतभर अंतरावर एक, असे खिळे मारून ठोकल्या होत्या. घरमालक आप्पा दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आहे. लग्नाआधी खोलीला रंग द्यायचा आहे.

"माणसाला घोंगडी लागते, भिंतीला पण लागते हे तुमच्याकडंच पाहिलं मास्तर," आप्पा म्हणाले. "थंडी भरायची काय तिला?"

"आवाज घुमायचा, आप्पा."

"मग आता नाय घुमत ना?"

"आता नाही."

ते आणखी काही विचारणार होते, पण थांबले. बायको गेलेल्या माणसाशी लोक बोलता बोलता असे मध्येच थांबतात. मी पक्कड लावून पुढचा खिळा ओढला. घोंगडीचा एक कोपरा सुटून खाली लोंबला आणि तिच्यातून धूळ आणि मेंढीच्या लोकरीचा तो वास आला, पावसात भिजून सुकलेल्या जनावराचा. त्या वासात मी चार वर्षं बसून होतो आणि मला तो कधी जाणवला नव्हता. मी त्या खोलीत वास घ्यायला बसत नसे. मी ऐकायला बसत असे.

फरशीवर लाल ऑइलपेंटच्या खुणा अजून आहेत. दोन स्पीकर, त्यांच्या स्टँडचे चार चार पाय, त्या प्रत्येक पायाची खूण. कोणी झाडताना धक्का मारला तर पुन्हा नेमक्या जागी ठेवता यावेत म्हणून. आणि त्यांच्यासमोर, दोन्हींपासून सारख्याच अंतरावर, आणखी चार खुणा. त्या खुर्चीच्या. खुर्ची एकच होती.

लग्नानंतरची सहा वर्षं आम्ही डोळखांबला काढली. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायचो. सुमन त्याच बाजूची, दोन डोंगर पलीकडची. तिच्या माहेरी भात आणि नाचणी व्हायची, आणि तिच्या बोलण्याला त्या मातीचा वळसा होता, तो माझ्या पुस्तकी बोलण्याशेजारी राहूनही शेवटपर्यंत गेला नाही. आम्हाला मूल झालं नाही. घरात आम्ही दोघं आणि एक टेपरेकॉर्डर.

काळा, वर धरायला मूठ असलेला, एका स्पीकरचा. कॅसेट घालायच्या कप्प्याचं झाकण तुटलं होतं, म्हणून त्यावर सुमनने आपल्या वेणीचं रबर चढवलं होतं. वीज असायची तेव्हा विजेवर, नसायची तेव्हा सेलवर. सेल उतरले की ती ते सुपात घालून उन्हात ठेवायची, सुकत घातलेल्या वालाच्या शेजारी. उन्हात तापले की आणखी दोन दिवस चालायचे. तिसऱ्या दिवशी गाणं हळूहळू जड व्हायला लागायचं. मला कळायच्या कितीतरी आधी तिला कळायचं.

"गाणं पेंगाया लागलं," ती वाल सोलता सोलता म्हणायची. मी कान देऊन ऐकायचो. मला काही फरक वाटायचा नाही. मग दोन कडवी झाली की खरोखरच गायिकेचा आवाज घोगरा होऊन पुरुषासारखा व्हायचा आणि आम्ही दोघं हसत सुटायचो.

ओट्यावर तो टेप मधोमध ठेवलेला असायचा. पलीकडच्या ओट्यावरून भिकीकाकी ओरडायची, "अगो सुमे, वाढव जरा, का एकटीनंच ऐकणार हायस?" सुमन बटण फिरवायची. आवाज फाटायचा. फाटलेल्या आवाजातच गाणं पुढे जायचं, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा त्यात मिसळायच्या, वालाच्या टरफलांचा बारीक कटकट आवाज मिसळायचा. माघ-फाल्गुनात लोक भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे. पाल्यापाचोळ्याचा आणि शेणाचा तो धूर उतारावरून गावात उतरायचा आणि सगळ्याला लागायचा, कपड्यांना, भाताला, केसांना. कॅसेटच्या डब्या उघडल्या तरी तोच वास यायचा. मला वाटायचं, गाण्यांनाच तो वास आहे.

माझं घर मुरबाडचं. सुटीत तिकडे गेलो की सुमन पहिल्यांदा बाजारातल्या कॅसेटच्या दुकानात जायची. तिथे गाण्यांची यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर भरून मिळायची. ती यादी तिने महिनाभर आधीपासून वहीच्या पानावर लिहिलेली असायची, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. दुकानदार यादीवर बोट फिरवून म्हणायचा, "वहिनी, बारा बसतील. तेरावं अर्धं कापलं जाईल."

"कापा. पन शेवटाकडनं कापा."

"सगळे शेवटाकडूनच कापतात, वहिनी."

असं एक अर्धं गाणं आमच्याकडे चार वर्षं होतं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ते खट्कन थांबायचं. पुढे एकदा मुरबाडला माझ्या भावाच्या घरी रेडिओवर ते पूर्ण लागलं, तेव्हा सुमन चकित होऊन म्हणाली, "हे पुढचं काय जोडलंय यांनी? आपलं चांगलं हाय." तिला खरंच आपलं चांगलं वाटत होतं. जे अर्धं होतं ते तिच्यापुरतं पूर्ण झालेलं होतं. मी तेव्हा तिला हसलो. त्या हसण्यातच पुढचं सगळं असावं, असं आता वाटतं.

बदली होऊन आम्ही शहापूरला आलो आणि खाडे भेटला. आटगाव स्टेशनाजवळ राहायचा, सिग्नलच्या कामात होता. वाचनालयात आम्ही दोघंच संदर्भाच्या कपाटाजवळ बसणारे. ओळख व्हायला तेवढं पुरलं. एका रविवारी तो मला आपल्या खोलीवर घेऊन गेला. दोन उंच स्पीकर, मध्ये खाली काळी पेटी. त्याने मला खुर्चीत बसवलं, खांद्याला धरून थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाला, "डोळे मिट. आता सांग, बाई कुठं उभी हाय?"

मी डोळे मिटले. समोर, भिंतीच्याही जरा मागे, एक बाई उभी राहून गात होती. तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"मधोमध," मी म्हणालो.

"आणि तबला?"

"उजवीकडे."

"झालं तुझं काम," खाडे हसला. "आता तुला टेपचा डबा आवडायचा नाय."

त्याचं खरं ठरलं. घरी आलो, ओट्यावरचा टेप लावला आणि पहिल्यांदाच मला कळलं की तो वाईट आहे. सहा वर्षं मी वाईट आवाज ऐकत होतो. असं वाटताच ती सहा वर्षंही थोडी वाईट झाली.

पहिला दोन स्पीकरचा संच आला तेव्हा खाडे तो लावून द्यायला आमच्याकडे आला. त्याने सुमनलाही खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "वहिनी, बाई कुठं दिसते?"

सुमनने डोळे मिटले, मान हलवली. "दिसते की. मधीच उभी हाय." मग डोळे न उघडताच म्हणाली, "च्या कितीजणांचा टाकू? तिचा पन टाकू का?"

खाडेला ते इतकं आवडलं की पुढची कितीतरी वर्षं तो दारातूनच विचारायचा, "वहिनी, च्या टाका, बाईचा पन टाका."

सुरुवातीला ती माझ्या बाजूला चटईवर बसायची. खाडे म्हणाला की मध्यापासून ढळलं की बाई एका बाजूला कलते. बरोबर ऐकायचं तर मध्यावर एकालाच बसता येतं. मी खुर्ची मध्यावर ठेवली. सुमन काही दिवस चटईवर कलत्या बाईचं गाणं ऐकत बसली, मग स्वयंपाकघरातून ऐकू लागली. "मला इथनं बरं येतं," असं ती म्हणाली. मी त्यावर विचार केला नाही. एका वर्षाने नवा अ‍ॅम्प्लिफायर आला, मग जाड तारा, मग सीडी वाजवायची पेटी, मग पुन्हा दुसरे स्पीकर. प्रत्येक नव्या वस्तूनंतर पंधरा दिवस समाधान असायचं. सोळाव्या दिवशी एखाद्या गाण्यात काहीतरी खटकायचं, आणि मग ते खटकणं संपूर्ण गाण्यापेक्षा मोठं होऊन बसायचं. आमच्या कपाटात तेव्हा शंभरेक सीडी असतील. मी त्यातल्या चारच वाजवायचो, कारण त्या चारांत दोष लवकर पकडता यायचे.

आणि दोष पकडायला मला सुमन लागायची. यात अतिशयोक्ती नाही, तिच्यासारखा कान मी पाहिला नाही. स्पीकरच्या मागचा एक स्क्रू सैल झाला होता, तो तिने स्वयंपाकघरातून ओळखला. खाडे तिला इन्स्पेक्टर म्हणायचा. रविवारी सकाळी मी हाक मारायचो, ती पदराला हात पुसत यायची, खुर्चीत बसायची, डोळे मिटायची. मी तारा बदलायचो, स्पीकर बोटभर सरकवायचो. ती म्हणायची, "मघाचंच बरं होतं." किंवा, "आता मोकळं झालं." तिने सांगितलं की मी विश्वास ठेवायचो. मला माझ्या यंत्रांची शंका होती, खोलीची होती, शहापूरच्या विजेची होती, माझ्या स्वतःच्या कानांची तर होतीच. तिच्या कानांची कधी आली नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती म्हणाली, "डावीकडनं कमी येतंय."

मी बटण फिरवून डावीकडचा आवाज थोडा वाढवला. ती म्हणाली, आता बरं आहे. महिन्याभराने पुन्हा तेच. मी तार बदलली. मग डावा स्पीकर उघडून आतली जोडणी पाहिली. मग खाडेकडून दुसरा स्पीकर आणून लावला. शेवटी मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. डाव्या स्पीकरची तार उजवीकडे लावली, उजव्याची डावीकडे. दोष यंत्रात असेल तर आता तो उजवीकडे जाईल.

"आता कुठून कमी येतंय?"

तिने बराच वेळ ऐकलं. बाहेर कुणाच्या तरी अंगणात धुणं आपटत होतं. "आता पन डावीकडनंच."

मी तारांकडे बघत राहिलो. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"अहो, माज्याच कानाला तर काय नाय ना झालं?"

"तुझ्या कानाला काय होतंय?" मी म्हणालो. "भिंत आहे. डावीकडची भिंत आवाज खाते."

"भिंत खाते?"

"पलीकडे मोरी आहे ना, भिंत ओलसर आहे. पुस्तकात आहे हे."

"बरं झालं बाई. मला उगाच काळजी लागली." ती उठली आणि भात टाकायला गेली. जाताना हलकं वाटल्यासारखी गेली. मला ते आठवतं, कारण तिचं काही बिघडलेलं नाही हे तिला सांगितल्याबद्दल मलाही बरं वाटलं होतं.

त्या दोन मिनिटांच्या बाहेर मी अजून पडलेलो नाही. बाकीच्या आयुष्यातली वर्षं मी विसरतो, कुठल्या साली कुठली इयत्ता शिकवली ते विसरतो. त्या रविवारचं सगळं जसंच्या तसं आहे. ओलसर भिंत, आपटणारं धुणं, माझ्या हातातल्या दोन तारा, एकीचं टोक लाल, एकीचं काळं. ती मला बरोबर उत्तर विचारत होती, आणि मी शिक्षक होतो.

पौषात आम्ही म्हसा गावच्या जत्रेला गेलो. मुरबाड तालुक्यातली ही जत्रा घोंगड्यांची आणि बैलांची. सुमनला दोन घोंगड्या हव्या होत्या, अंथरायला आणि पांघरायला. ती प्रत्येक घोंगडी गालावर घासून बघायची. विकणारा म्हातारा म्हणाला, "ताई, लोकर गालाला लावून नाय, पाठीला लावून बघत्यात." ती म्हणाली, "पाठीला सगळंच चालतं, काका. गालाला कळतं." अर्धी दुपार घालवून तिने दोन निवडल्या. आठवडाभर त्या आम्ही पांघरल्या. मग मला सुचलं की डावी भिंत आवाज खात असेल तर उजव्या भिंतीनेही तेवढाच खायला हवा. मी त्यातली एक उजव्या भिंतीवर ठोकली. फरक पडला नाही, तेव्हा दुसरीही. पुढच्या वर्षी आणखी तीन आणल्या, त्या तिने निवडल्या नाहीत; मीच आणल्या, गालाला न लावता.

"मी काय पांघरू?" तिने विचारलं.

"चादर आहे ना."

"बरं. भिंतीला हिव भरायला नको."

ती रागावली नव्हती. तिला माझं हे वेड आजारासारखं वाटत असावं, ज्याचा राग करायचा नसतो.

आवाज समतोल करायचं बटण मी तिच्या सांगण्याप्रमाणे डावीकडे सरकवत गेलो. माझ्या कानांना तेव्हा सगळं गाणं डावीकडे वाहून गेल्यासारखं वाटायचं. मी ठरवलं की माझाच कान अजून तयार नाही. मी चुकीचं ऐकायची सवय करून घेतली. एका संध्याकाळी खाडे येऊन बसला, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "मास्तर, तुझा डावा लय जोरात हाय. बाई पार खिडकीत जाऊन बसली."

"सुमन म्हणते बरोबर आहे."

"वहिनी म्हणू दे. मला ऐकू येतंय ना."

"तू रोज गाड्यांच्या आवाजात काम करतोस. तुझे कान तपासून घे एकदा."

खाडे हसला. मीही हसलो. आत सुमन भाकरी थापत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

दुसऱ्याही गोष्टी होत्या. आता त्या मला एकामागोमाग एक अशा दिसतात, दोऱ्यात ओवल्यासारख्या. तेव्हा त्या सुट्या होत्या. ती म्हणायची, "कानात रातकिडा बसलाय." मी त्या दिवसांत अ‍ॅम्प्लिफायरमधली बारीक गुणगुण शोधत होतो, म्हणून मी तो बंद करून विचारलं, "आता?" ती म्हणाली, "आता पन हाय." मी म्हणालो, म्हणजे बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरची असणार. तिने लसूण घालून कढवलेलं तेल कानात घातलं; घरभर तो वास दोन दिवस होता. भाताच्या लावणीला, आवणीच्या दिवसांत माहेरी गेली तेव्हा बांधावरून चालताना चिखलात पडली. तिची वहिनी म्हणाली, "शहापूरला ऱ्हाऊन बांध विसरली गो!" आणि शेतातल्या सगळ्या बायका हसल्या, सुमन सगळ्यात जास्त. घरी मी हाक मारायचो, ती यायची नाही. मी म्हणायचो, तुझं लक्ष नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात मुरबाडला भावाच्या अंगणात ती उभ्या उभ्या कोसळली. मी नव्हतो. खाडेबरोबर कल्याणला गेलो होतो, एका माणसाकडे जुने पण उत्तम स्पीकर होते म्हणून. दुसऱ्या दिवशी भावाने तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होता. त्याने खणातून नादकाटा काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा दोन बोटांचा, गुडघ्यावर आपटला आणि सुमनच्या उजव्या कानाजवळ धरला. तिने मान हलवली. मग पुन्हा आपटला आणि डाव्या कानाजवळ धरला.

सुमन वाट बघत बसली. तिच्या चेहऱ्यावर रविवारच्या सकाळचा तोच भाव होता, डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे, इन्स्पेक्टरचा.

"वाजवा ना," ती म्हणाली.

तो वाजत होता. टेबलाच्या या बाजूला बसून मला तो स्पष्ट ऐकू येत होता. एकच सूर, सरळ, कसलीही खरखर नाही, गुणगुण नाही. इतका स्वच्छ आवाज माझ्या कुठल्याच पेटीतून कधी आला नव्हता. डॉक्टर माझ्याकडे बघत होता. सूर विरत विरत संपला, आणि सुमन अजून तो सुरू व्हायची वाट बघत होती.

पुढचं मी फार लिहिणार नाही. मुंबईच्या रुग्णालयात डोक्याचे फोटो काढले. आत, कानाच्या नसेवर, गाठ होती. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, ऐकू कमी कधीपासून येतंय. मी म्हणालो, दोन वर्षं आणि पाच महिने. इतकं नेमकं उत्तर त्यांना कुणी दिलं नसावं. ते पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिले. गाठ लहान असताना आला असतात तर, असं काहीतरी ते म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी खिडकीतून ऊन तिच्या पलंगावर आलं होतं. तिचे केस कापले होते. ती छताकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, मशीनच बिघडलंय. तुमी म्हनालात ना." त्यात टोमणा नव्हता. दोघांची एकच चूक झाली आहे, अशा सुरात ती म्हणाली. तेवढ्यात परिचारिका आली.

पाच महिन्यांनी ती गेली.

त्या एका स्पीकरच्या काळ्या टेपला डावं नव्हतं, उजवं नव्हतं. त्याच्यासमोर बसून ती "कमी येतंय" म्हणाली असती, तर मी सेल बदलले असते, आणि सेल बदलूनही ती तेच म्हणाली असती, तर बघायला दुसरं काही उरलंच नसतं. मी तिच्याकडे बघितलं असतं. आणखी चांगलं असतं हे ज्याला माहीत नाही, त्याच्या घरात बिघडायला फार थोड्या वस्तू असतात. मी घरात एवढं सामान भरलं की दोष राहायला जागाच जागा झाली. माणसापर्यंत यायला त्याला अडीच वर्षं लागली.

वर्षश्राद्धानंतर खाडे आला. म्हणाला, "मी बोललो होतो रे तुला. डावा जोरात हाय म्हणून."

"बोलला होतास."

"आणखी एकदा बोलायला पायजे होतं."

सगळा संच मी त्याला घेऊन जायला सांगितलं. टेम्पो यायच्या आधी, तारा सोडण्यापूर्वी, त्याने सवयीने एक गाणं लावलं आणि समतोलाचं बटण मधोमध आणून ठेवलं. गायिका मध्यावर येऊन उभी राहिली. तबला उजवीकडे. भिंत काही खात नव्हती. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत्या. त्या तशाच होत्या, पहिल्या दिवसापासून. खाडेने माझ्याकडे बघितलं नाही. गाणं संपायच्या आत त्याने ते बंद केलं.

आज शेवटची घोंगडी उतरवून मी पाचही गुंडाळून बांधल्या. आप्पा म्हणाले, "खिळ्यांची भोकं मी बुजवून घेईन, मास्तर. तुमी नका काळजी करू." मी किल्ली दिली आणि मुरबाडच्या बसमध्ये येऊन बसलो. भावाकडे राहतो आता.

ही बस आम्ही दोघांनी किती वेळा धरली असेल. शेवटची तीनेक वर्षं सुमनचा एक हट्ट असायचा: डावीकडच्याच बाकावर, आणि तिला खिडकी. उजवीकडचे बाक रिकामे असले, तिकडे सावली असली, तरी ती तिथे बसायची नाही. "मला खिडकी लागते," एवढंच सांगायची. मी चिडायचो. तिकडेही खिडक्याच आहेत, म्हणायचो. आज त्याच बाजूला, खिडकीशी मी बसलो, शेजारची जागा माझ्या उजव्या हाताला रिकामी होती, आणि बस किन्हवलीच्या पुढे गेल्यावर मला ते कळलं. तिथे बसलं की सोबतचा माणूस उजव्या कानाशी येतो. तिला सांगता येत नव्हतं की तिला काय झालंय; मीच सांगितलं होतं की काही झालेलं नाही. पण तिच्या अंगाला माहीत होतं. घरात, रस्त्यावर, लग्नाच्या पंगतीत, ती नेहमी फिरून माझ्या डाव्या हाताला यायची. मला ती तिची सवय वाटायची.

बस सुटली की ती मान किंचित माझ्याकडे कलती करून म्हणायची, "बोला ना काहीतरी." आणि पार सरळगाव येईपर्यंत मी तिला स्पीकरबद्दल सांगत असायचो.